मुंबईच्या गरोदर बायांचं रक्त तपासायला आलेली डॉक्टर : लुसी विल्स

वाशिम : रिसोड असो की मानोरा, गरोदर बाईचं नाव उपकेंद्रात नोंदवलं की चौथ्या महिन्यापासून तिच्या हातात लाल गोळ्या येतात. आशाताई सांगून जातात, रोज एक, किमान १८० दिवस. आशाताई गेल्या की घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं गोळीनं मळमळते, कोणी म्हणतं पोटाला उष्ण पडते, सासूबाईंना वाटतं लेकरू काळं होईल. संडासला काळी झाली की नवी सून घाबरते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर डब्यामागे पडून राहतात. संडासला काळी होणं हे लोहामुळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि बाळाच्या रंगाचा गोळीशी काहीच संबंध नाही.

या लाल गोळीत दोन गोष्टी आहेत. एक लोह, ६० मिलिग्रॅम. दुसरी फॉलिक अ‍ॅसिड, ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. रक्तासाठी लोह लागतं हे आता गावातल्या शाळकरी पोरींनाही माहीत आहे. दुसऱ्या गोष्टीचं नाव मात्र पाकिटावरच राहतं. हे एक जीवनसत्त्व आहे, ब गटातलं, आणि माणसाच्या रक्ताला ते लागतं याचा पहिला पक्का माग आपल्याच राज्यात, मुंबईच्या परळमध्ये लागला. तो लावला डॉ. लुसी विल्स या इंग्रज बाईंनी. डॉक्टरकीच्या पुस्तकांत त्यांचं नाव मोठं आहे, पण ज्यांच्यासाठी त्यांनी काम केलं त्या बायांच्या नाती-पणतींपर्यंत ते फारसं पोचलं नाही.

लुसी यांचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड या गावचा. घर खातंपितं. घराण्याचा हत्यारं-अवजारं बनवायचा कारखाना होता, वडील विज्ञान शिकलेले होते आणि आईचे वडील बर्मिंगहॅमचे नावाजलेले डॉक्टर. पोरगी चांगल्या शाळेत शिकली आणि पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. तिथं विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ साली शिक्षण पूर्ण केलं. पण पदवी नाही! केंब्रिज त्या काळी पोरींना वर्गात बसू देई, परीक्षाही देऊ देई, पदवी मात्र देत नसे. ती मिळायला बायांना १९४८ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे पोरींना शिकवण्यावरून फुल्यांच्या काळात जे झालं ते आपण ऐकलेलं असतं. साहेबाच्या देशातही वाट काही सरळ नव्हती.

त्याच वर्षी वडील वारले. दोन वर्षांनी बहीण गेली, ऐन पंचविशीत. घर विस्कटल्यासारखं झालं. लुसी आईला घेऊन श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला नातेवाइकांकडे गेल्या, मग दक्षिण आफ्रिकेत. तिथं असतानाच १९१४ चं पहिलं महायुद्ध पेटलं. केपटाउनच्या दवाखान्यात त्यांनी काही आठवडे बिनपगारी नर्सचं काम केलं. झाडं आणि दगड शिकलेली ही बाई तिथून परतली ती डॉक्टर व्हायचं ठरवूनच. १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या बायांसाठीच्या वैद्यकीय शाळेत नाव घातलं आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या.

या शाळेचं भारताशी जुनं नातं होतं. आपल्याकडच्या मुली तिथं शिकायला जात. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. जेरूशा झिराड तिथल्याच. त्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या.

डॉक्टर झाल्यावर लुसीबाईंनी पेशंट तपासायचा धंदा मांडला नाही. त्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गेल्या. रक्त, लघवी, काचेच्या पट्ट्या, सूक्ष्मदर्शक हेच त्यांचं काम. आठ वर्षं अशी गेली. आणि मग १९२८ साली, चाळिशीत, त्यांना भारतातून बोलावणं आलं.

गिरणगावातल्या बाया

बोलावणं असं होतं. मुंबईत, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांत, गरोदरपणी रक्त भयंकर कमी होण्याचा आजार दिसत होता. चेहरा पांढराफटक, पायावर सूज, दम लागणं, जीभ लालभडक होऊन सोलल्यासारखी होणं. शेवटच्या महिन्यांत तब्येत एकदम खालावायची आणि बाळंतपणात किंवा त्याच्या आसपास बाई दगावायची. मूलही बऱ्याचदा हाती लागत नसे. डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात काम केलेल्या डॉक्टर बाई बाळंतपणातल्या मृत्यूंचा पाठपुरावा करत होत्या. त्यांच्या पुढाकारानं सरकारी संशोधन मंडळाकडून चौकशी सुरू झाली आणि त्यात रक्ताचं कोडं सोडवायला लुसी विल्स आल्या.

काम करायची जागा परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेगवर लस काढणाऱ्या हाफकिन यांनी सुरू केलेली ही संस्था गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात होती. भोवती गिरण्यांची धुराडी आणि चाळी. म्हणजे आजार आणि प्रयोगशाळा शेजारीशेजारीच.

लुसीबाईंनी जी गोष्ट केली ती आज साधी वाटेल. त्यांनी या बायांच्या रक्ताबरोबर त्यांचं ताट पण तपासलं. तळपदे या सहकाऱ्याला बरोबर घेऊन मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बाया काय खातात, कशा घरात राहतात याची पाहणी केली, आणि ती १९३० च्या सुमारास छापून आली. चित्र स्पष्ट होतं. जिचं जेवण जितकं कोरडं, तिला आजार होण्याची शक्यता तितकी जास्त. ताटात भाजीपाला, फळं, दूध, मटण जवळजवळ नाहीच. सगळ्यात वाईट अवस्था गरीब मुस्लिम वस्तीतल्या बायांची होती. त्यांचं जेवण सगळ्यात तुटपुंजं आणि हा आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त.

आपल्याकडं आजही पुष्कळ घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. भाकर उरते, पातेल्यातली भाजी संपलेली असते, मग मीठ-मिरचीसोबत किंवा चटणीसोबत भागवते. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत जे कागदावर आलं त्याची नक्कल आज वाशिमच्या कुठल्याही वस्तीत सापडेल, हे लिहिताना बरं वाटत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्या, रक्त कमी असलेल्या निघाल्या. यातल्या बऱ्याच जणींचं कारण लोहाची कमतरता असतं, पण ते एकटंच कारण नसतं.

मोठ्या पण पोकळ पेशी

आता थोडं रक्ताबद्दल. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी छोट्या आणि फिक्या होतात. मुंबईच्या या बायांचं उलटं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या, पण संख्येनं फार कमी आणि अर्ध्याकच्च्या. शेंग फुगलेली दिसते आणि फोडल्यावर आत दाणा भरलेला नसतो, तसला प्रकार. पेशी वाढते, पण तिची दोन पेशींत फूट पडत नाही, कारण फूट पडायला लागणारा मसाला शरीरात नसतो. गरोदरपणी बाईच्या पोटात एक अख्खं शरीर पेशी-पेशींनी तयार होत असतं, त्यामुळं हा मसाला एरवीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. आधीच रिकाम्या असलेल्या साठ्यातून बाळ आपला वाटा ओढून घेतं.

मोठ्या पेशींचा एक जुना आजार युरोप-अमेरिकेत माहीत होता. तिकडं तो बहुतेक उतारवयातल्या माणसांना व्हायचा आणि १९२६ पर्यंत त्यावर इलाज नव्हता. त्या साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर कलेजी खायला दिली तर पेशंट वाचतो. १९३४ चं नोबेल त्यालाच मिळालं. मुंबईतला आजार तोच असावा असं कोणालाही वाटलं असतं. लुसीबाईंना तसं वाटलं नाही. त्या बायांच्या जठरात आम्ल नीट तयार होत होतं, जुन्या आजारात ते होत नाही. पुढे आणखी एक पुरावा मिळाला. कलेजीचा साधा, कच्चा अर्क दिला की या बाया सुधारायच्या, पण कारखान्यात शुद्ध केलेला महागडा अर्क दिला की काहीच फरक नाही. म्हणजे शुद्ध करताना जे फेकलं जात होतं, त्यातच यांचं औषध होतं.

आधी उंदरांवर प्रयोग झाले. मुंबईच्या गरीब बाया जे खात तसंच अन्न उंदरांना दिलं. गाभण माद्यांचं रक्त आटलं, पिल्लं व्हायच्या आधीच त्या मेल्या. त्याच अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला किंवा दारू गाळायला वापरतात ते खमीर मिसळलं, तर त्या वाचल्या. या उंदरांच्या प्रयोगात घोळही निघाला. उवांतून पसरणारा एक जंतू उंदरांचं रक्त खातो हे लक्षात आलं, आणि निकालावर कितपत भरवसा ठेवायचा हा प्रश्न उभा राहिला. पण खमिराचा धागा हातात आला होता. मुंबईचा उन्हाळा टाळून १९२९ मध्ये काही महिने त्यांनी नीलगिरीतल्या कुन्नूरला काम केलं, नंतर मद्रासच्या बायांच्या हॉस्पिटलातही.

मग प्रत्यक्ष बायांना खमिराचा अर्क दिला. इंग्लंडात मार्माईट नावानं एक पदार्थ मिळतो. बियर गाळल्यावर तळाला उरणाऱ्या खमिरापासून बनवलेला, काकवीसारखा काळा-चिकट आणि चवीला खारट. साहेबलोक पावाला लावून खातात. कलेजीच्या अर्काच्या मानानं तो स्वस्त. तो चमचा-दोन चमचे रोज पोटात जायला लागला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या. भूक परत आली, उलट्या थांबल्या, बाया उठून बसल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा शोध छापून आला. पुढच्या वर्षी माकडांवरच्या प्रयोगानंही तेच दाखवलं. निकस अन्नानं माकडांना तसलाच आजार होतो आणि खमिरानं किंवा कच्च्या कलेजीनं बरा होतो.

खमिरात नेमकं काय आहे ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. लुसीबाईंनीही उगाच दावा केला नाही. एवढंच म्हटलं की यात असं काहीतरी आहे जे आजवरच्या माहीत जीवनसत्त्वांपैकी नाही. डॉक्टर लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले.

पालकाच्या पानातून भीमावरमच्या माणसाकडे

लुसी विल्स १९३३ च्या सुमारास लंडनला रॉयल फ्रीमध्ये परतल्या, पण नंतरही कामासाठी भारतात येऊन गेल्या. १९३७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी पुन्हा दाखवून दिलं की हा घटक कलेजीतल्या त्या दुसऱ्या औषधापेक्षा वेगळा आहे.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक कुटून त्यातून थोडासा पदार्थ वेगळा काढला. पानातून मिळाला म्हणून लॅटिन भाषेतल्या पान या शब्दावरून नाव ठेवलं फॉलिक अ‍ॅसिड. विल्सबाईंचा अनोळखी घटक तो हाच. कारखान्यात तो बनवायचं काम अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत झालं, १९४५ मध्ये ते जाहीर झालं, आणि त्या कामाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा हा माणूस. त्यांच्या घरात स्प्रू नावाच्या पोटाच्या आजारानं भाऊ गेला होता. त्या आजारात आतडी अन्नातलं सत्त्व शोषत नाहीत आणि मोठ्या पेशींचा तोच रक्तक्षय होतो. फॉलिक अ‍ॅसिडनं त्यात गुण येतो. भावाला ते मिळालं नाही, पुढच्यांना मिळालं.

१९४८ मध्ये कलेजीतला दुसरा घटकही सापडला. तो म्हणजे बी-१२. इथं आपल्या भागातल्या माळकरी आणि शाकाहारी घरांनी थोडं थांबून वाचावं. फॉलिक अ‍ॅसिड पानांत, डाळींत असतं. बी-१२ मात्र दूध, दही, अंडी, मांस यातूनच मिळतं. दोन्हींच्या कमतरतेत रक्तपेशी सारख्याच मोठ्या दिसतात. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. हातपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही त्याची चिन्हं. म्हणून मेडिकलवरून स्वतःच्या मनानं गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नयेत, दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. गरोदरपणी सरकारी लाल गोळी मात्र यासाठी थांबवू नये. हे दोन आजार वेगळे आहेत हा संशय सगळ्यात आधी परळच्या त्या बायांच्या रक्तातूनच पक्का होत गेला होता.

जेवणाचं म्हणाल तर वाशिम जिल्हा यात गरीब नाही. तूर, हरभरा, मूग आपल्याच वावरातले. शेंगदाणे आहेत. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, पालक, पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या रानभाज्या. या सगळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड आहे. अडचण रांधण्यात होते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि जास्त उकळलं की नासतं. भाजी उकडून, पिळून पाणी फेकून दिलं तर अर्धं सत्त्व मोरीत जातं. अंबाडीला ते करावं लागतं, आंबटपणा जावा म्हणून. पण पालक-मेथीला तसं करायची गरज नाही. चिरायच्या आधी धुवावी, झाकण ठेवून थोडक्यात शिजवावी. आणि लाल गोळी चहासोबत घेऊ नये, चहामुळं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उलट चांगली लागते.

उरलेलं आयुष्य

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना लुसीबाई हॉस्पिटलातच होत्या. १९४४ मध्ये रॉयल फ्रीवरही बॉम्ब पडला आणि कामाची नासधूस झाली. त्या काळात त्यांनी गरोदर इंग्रज बायांना लोहाच्या गोळ्या देऊन काय फरक पडतो याचा अभ्यास केला. म्हणजे आजच्या लाल गोळीतल्या दोन्ही गोष्टींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथं जाऊन गरिबांच्या पोषणाचा आणि रक्तक्षयाचा अभ्यास करत राहिल्या.

त्यांनी लग्न केलं नाही. स्वभाव तिखट, विनोदी आणि बोलायला स्पष्ट. पेशंट बघायला बाकीचे डॉक्टर मोटारीतून येत तेव्हा त्या सायकलवर येत. डोंगर चढायची आणि बर्फावरून घसरत जायच्या खेळाची आवड होती. शेवटची काही वर्षं त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेवक होत्या. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं. नोबेल वगैरे काही मिळालं नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचा आणखी एक मोठा उपयोग त्यांना बघायला मिळाला नाही. बाळाचा पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली तर बाळ पाठीवर गाठ घेऊन, पायातला जोर गमावून जन्मतं, किंवा वाचतच नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकारानं अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. आधी असं मूल झालेल्या बायांनी पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर हा दोष ७२ टक्क्यांनी कमी होतो. आता २८ दिवस म्हणजे कितीशे? पाळी चुकली हे बाईच्या लक्षात येईपर्यंत त्यातले निम्मे दिवस गेलेले असतात. चौथ्या महिन्यात लाल गोळी मिळते तेव्हा तर ही वेळ कधीच टळलेली असते. म्हणून मूल हवं असं नवरा-बायकोनं ठरवलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी सुरू करायची आणि तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायची, असं आपल्या सरकारी कार्यक्रमातही सांगितलेलं आहे. नव्या सुनेला कोणी हे आधी सांगत नाही, आणि सासरी ती स्वतः विचारत नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंना विचारलं तर त्या सांगतात.

१० मे २०१९ रोजी, लुसी विल्स यांच्या १३१ व्या जयंतीला, गुगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं.